आर्चबिशप ऑस्कर रोमेरो : सीमाभागातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातील एका वाचनालयात गेली काही वर्षे मार्च महिन्यात आम्ही आर्चबिशप रोमेरो यांच्यावर एक छोटे व्याख्यान ठेवतो. श्रोत्यांमध्ये धर्मग्रामातील (स्थानिक चर्चच्या समुदायातील) मंडळी असतात, तशीच कधी चर्चची पायरी न चढलेली मंडळीही असतात. व्याख्यानानंतर निपाणी, चिकोडी, बेळगाव अशा ठिकाणांहून प्रश्न येत राहतात आणि त्यांतले बरेचसे तेच ते असतात. म्हणून ते येथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोमेरो कोण होते, हे चार ओळींत सांगाल का?

ऑस्कर आर्नुल्फो रोमेरो (१५ ऑगस्ट १९१७ – २४ मार्च १९८०) हे मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर या देशाच्या राजधानीचे, म्हणजे सान साल्वाडोरचे, कॅथलिक आर्चबिशप होते. त्या पदावर ते जेमतेम तीन वर्षे राहिले. त्या काळात लष्करी राजवट आणि तिच्या आश्रयाने वावरणाऱ्या मारेकरी टोळ्या शेतमजूर, शिक्षक, विद्यार्थी, कामगार आणि धर्मगुरू यांना ठार मारत होत्या किंवा उचलून नेत होत्या. रोमेरो दर रविवारी त्या माणसांची नावे जाहीरपणे वाचत असत. मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) अर्पण करत असतानाच त्यांना गोळी घालण्यात आली. २०१५ साली त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) आणि १४ ऑक्टोबर २०१८ रोजी संत घोषित करण्यात आले.

२. नावाचा उच्चार काय, आणि त्यांना ‘मॉन्सेन्योर’ का म्हणतात?

उच्चार ‘रोमेरो’. (आमच्या फळ्यावर एकदा ‘आर्चबिशप रोमिओ’ असे लिहिले गेले होते आणि दिवसभर ते कोणाच्याही लक्षात आले नाही.) ‘मॉन्सेन्योर’ हे स्पॅनिश भाषेत बिशपांना आदराने हाक मारण्याचे संबोधन आहे. आपण ‘फादर’ म्हणतो त्याच सहजतेने तेथील लोक ते वापरतात. १९७७ साली देशाचे अध्यक्ष झालेले जनरल कार्लोस उंबेर्तो रोमेरो यांचे आडनावही तेच होते. मात्र दोघांचे काहीही नाते नव्हते. जुनी वृत्तपत्रे वाचताना हा घोटाळा हमखास होतो.

३. एवढ्याशा देशात इतका जुलूम कशासाठी?

देश खरोखरच लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या दीडपटीहून थोडे अधिक. भांडण जमिनीचे होते. कॉफीच्या, आणि पुढे ऊस व कापसाच्या, मळ्यांची मालकी मूठभर घराण्यांकडे होती. उरलेल्यांना हंगामापुरती मजुरी मिळे. १९३२ साली शेतमजुरांचा उठाव लष्कराने इतक्या निर्दयपणे मोडला की त्यात मेलेल्यांचा आकडा १० हजारांपासून ३० हजारांपर्यंत सांगितला जातो. त्या कत्तलीला तेथे नुसते ‘ला मातान्सा’, म्हणजे ‘कत्तल’, असेच म्हणतात. त्यानंतर सुमारे पाच दशके सत्ता लष्कराच्याच हाती राहिली.

निवडणुका होत, पण २० फेब्रुवारी १९७७ च्या निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले आणि त्यांच्या निषेधार्थ राजधानीच्या चौकात जमलेल्या लोकांवर २८ फेब्रुवारीला गोळीबार झाला. रोमेरो यांनी आर्चबिशपपदाची सूत्रे हाती घेतली ती या दोन तारखांच्या मध्ये, २२ फेब्रुवारीला.

निपाणीच्या वाचकांना वेगळे उदाहरण द्यावे लागत नाही. १९८१ च्या तंबाखू आंदोलनातील गोळीबार ज्यांनी पाहिला किंवा घरात ऐकला, त्यांना पिकाचा भाव, मजुरी आणि बंदूक ही तीन टोके कशी जोडली जातात ते ठाऊक आहे. मात्र तुलना तेवढ्यापुरतीच आहे. तिच्या मर्यादा प्रश्न १२ मध्ये पाहा.

४. ते सुरुवातीपासूनच सरकारविरोधी होते ना?

नाही, आणि नेमका हाच भाग बहुतेक लेखांत घाईघाईने उरकला जातो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

रोमेरो हे सिउदाद बारियोस या डोंगराळ गावात जन्मले, लहानपणी काही काळ सुताराच्या हाताखाली काम शिकले, रोममध्ये शिकले आणि तेथेच ४ एप्रिल १९४२ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढची वीसेक वर्षे ते सान मिगेल शहरात धर्मगुरू होते. १९७० साली ते साहाय्यक बिशप झाले, १९७४ साली सान्तियागो दे मारिया या ग्रामीण धर्मप्रांताचे बिशप झाले. पुस्तकात रमणारा, भिडस्त, शिस्तीचा आणि नव्या विचारांच्या धर्मगुरूंकडे संशयाने पाहणारा माणूस, अशी त्यांची ओळख होती. म्हणूनच १९७७ साली त्यांची आर्चबिशप म्हणून निवड झाली तेव्हा मळेवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि खेड्यापाड्यांत काम करणारे धर्मगुरू खट्टू झाले.

सूत्रे घेऊन तीन आठवडेही झाले नव्हते. १२ मार्च १९७७ रोजी त्यांचे मित्र, येशूसंघीय (जेझुइट) फादर रुतिलियो ग्रान्दे, आगिलारेस या ऊसपट्ट्यातील गावाहून एल पाइस्नालला मिस्सेसाठी निघाले होते. वाटेत त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडण्यात आल्या. गाडीत त्यांच्याबरोबर मानुएल सोलोर्सानो नावाचे ७२ वर्षांचे गृहस्थ आणि नेल्सन लेमुस नावाचा १६ वर्षांचा मुलगा होता. तिघेही मेले. रोमेरो त्याच रात्री तेथे पोहोचले. व्याख्यानात मी ही नावे वाचतो तेव्हा सभागृहात फारशी हालचाल नसते, पण एका वर्षी शेवटच्या रांगेतून एका आजींनी मध्येच विचारले, “पोराचं वय किती म्हणालात?” मी पुन्हा सोळा म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारले नाही.

रोमेरो यांनी सरकारकडे चौकशीची मागणी केली आणि ती होईपर्यंत कोणत्याही सरकारी समारंभाला जाणार नाही असे जाहीर केले. चौकशी झाली नाही, आणि १ जुलैला नव्या अध्यक्षांच्या शपथविधीला ते गेले नाहीत. जेथे आर्चबिशप आणि अध्यक्ष एकाच व्यासपीठावर बसण्याची रीतच होती, तेथे त्या रिकाम्या खुर्चीचा अर्थ सगळ्यांना कळला.

५. एका रविवारी सगळ्या चर्चमधील मिस्सा रद्द केल्या, हे खरे का? असे करता येते का?

खरे आहे. फादर ग्रान्दे यांच्या हत्येनंतरच्या रविवारी, २० मार्च १९७७ रोजी, महाधर्मप्रांतातील (आर्चबिशपांच्या अधिकारक्षेत्रातील) सर्व धर्मग्रामांत मिस्सा न होता कॅथीड्रलमध्ये एकच मिस्सा होईल असे रोमेरो यांनी ठरवले. शंभराहून अधिक धर्मगुरू आणि लाखाच्या घरात लोक आले. पोपच्या राजदूतांना हा निर्णय पसंत नव्हता, आणि रविवारची मिस्सा हे कॅथलिकांचे कर्तव्य असल्यामुळे प्रश्न रास्तही आहे. पण आपल्या धर्मप्रांतातील उपासनेची व्यवस्था लावणे हा बिशपांचा अधिकार आहे, आणि येथे मिस्सा बंद केली नव्हती, एकत्र आणली होती.

६. त्यांनी प्रत्यक्ष केले काय? नुसती भाषणेच ना?

भाषणांच्या मागे कचेरीचे काम होते, आणि माझ्या मते रोमेरो समजायचे तर आधी ते काम समजले पाहिजे. ‘सोकोर्रो हुरीदिको’ नावाचे एक कायदेविषयक मदतकेंद्र १९७५ पासून चालत होते. ते त्यांनी महाधर्मप्रांताच्या छत्राखाली घेतले. तरुण वकील आणि कायद्याचे विद्यार्थी तेथे बसत. खेड्यातून आलेली आई सांगे, मुलाला अमुक रात्री, अमुक गणवेशातील माणसांनी, अमुक रंगाच्या गाडीतून नेले. ते लिहून घेतले जाई, तारीख आणि ठिकाण टाकले जाई, पडताळले जाई, शक्य तेथे न्यायालयात अर्ज जाई. न्यायालयांकडून बहुधा काही होत नसे. पण कागद तयार झालेला असे.

तोच कागद रविवारी कॅथीड्रलमध्ये पोहोचे. रोमेरो आधी त्या दिवसाच्या शास्त्रपाठावर सविस्तर प्रवचन करत आणि मग ‘या आठवड्यातील घटना’ सांगत : कोण मारले गेले, कोठे, कोणाला अटक झाली, कोणाचा ठावठिकाणा नाही. प्रवचन तासाभराहून अधिक चाले. महाधर्मप्रांताचे आकाशवाणी केंद्र ते थेट प्रक्षेपित करी आणि खेड्याखेड्यांत लोक रेडिओभोवती बसून ऐकत. सांगली केंद्र लावून बातम्यांची वाट पाहणारी आपल्याकडची जुनी माणसे ज्यांना आठवतात, त्यांना हे दृश्य डोळ्यांपुढे आणणे कठीण जाणार नाही. त्या केंद्रावर वारंवार बाँबहल्ले झाले, त्यांतला एक मोठा हल्ला १९८० च्या फेब्रुवारीत झाला.

एक भाषिक अडचण येथेच नोंदवतो. मराठीत माणूस ‘बेपत्ता होतो’. जणू तो आपणहून कोठे निघून गेला. लॅटिन अमेरिकेत त्या काळी ‘बेपत्ता करणे’ असे सकर्मक क्रियापद रूढ झाले, कारण करणारा कोणीतरी होता. म्हणून आम्ही मजकुरात ‘बेपत्ता केलेले’ असेच लिहितो, आणि मुद्रितशोधकांनी ते ‘सुधारले’ तर पुन्हा तसेच करतो.

७. पण धर्मगुरूने राजकारणात पडावे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणारे बहुधा चर्चमध्ये नेमाने जाणारे असतात. रोमेरो यांनी कोणत्याही पक्षासाठी मते मागितली नाहीत आणि कोणतेही पद स्वीकारले नाही. त्यांचे म्हणणे असे की, माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे ही शिकवण खरी मानायची असेल, तर त्या माणसाचा छळ हा चर्चच्या विषयाबाहेरचा ठरूच शकत नाही.

त्यांची बाजू एकांगी नव्हती, हे ऑगस्ट १९७९ च्या त्यांच्या चौथ्या धर्मपत्रावरून (बिशपांनी आपल्या लोकांना उद्देशून काढलेल्या पत्रावरून) दिसते. त्यात त्यांनी देशातील तीन ‘मूर्ती’ दाखवल्या, ज्यांच्यापुढे माणसांचा बळी दिला जात होता : एक, संपत्ती आणि खासगी मालमत्ता, दुसरी, राष्ट्रीय सुरक्षा, आणि तिसरी, जनसंघटना, म्हणजे संघटनेलाच सर्वस्व मानणे. तिसऱ्या मूर्तीमुळे डावे नाराज झाले, पहिल्या दोहोंमुळे उजवे तर आधीच नाराज होते.

८. मग ते कम्युनिस्ट होते, सशस्त्र गटांना त्यांचा पाठिंबा होता, असे का म्हणतात?

कारण त्या काळी गरिबांची बाजू घेणाऱ्याला तेच विशेषण मिळे. ‘देशभक्त हो, एक पाद्री मार’ अशी पत्रके राजधानीत वाटली गेली होती.

वस्तुस्थिती पाहायची तर १९७७ च्या मे महिन्याकडे पाहावे. बंडखोर गटाने परराष्ट्रमंत्री मौरिसियो बोर्गोनोवो यांचे अपहरण करून त्यांना ठार मारले. रोमेरो यांनी त्यांच्या सुटकेसाठी आवाहन केले होते, आणि त्यांच्या अंत्यविधीची मिस्साही त्यांनीच अर्पण केली. त्याच दिवसांत सूड म्हणून फादर आल्फोन्सो नावारो यांची हत्या झाली. त्यांचाही अंत्यविधी रोमेरो यांनीच केला. पुढे ऑगस्ट १९७८ मध्ये बिशप आर्तुरो रिवेरा दामास यांच्यासह काढलेल्या धर्मपत्रात त्यांनी शेतकऱ्यांच्या संघटना बांधण्याच्या हक्काचे समर्थन केले, पण हिंसेच्या प्रकारांची स्वतंत्र चिकित्सा करून अपहरण आणि दहशतीचा निषेधही केला.

मुक्तिदायी ईशज्ञानाविषयी (गरिबांची मुक्ती केंद्रस्थानी ठेवणाऱ्या ख्रिस्ती विचाराविषयी) : त्या विचाराचे अभ्यासक त्यांच्या सल्लागारांत होते, स्वतः रोमेरो मात्र अखेरपर्यंत पारंपरिक भक्तीचे, जपमाळेचे आणि पोपनिष्ठेचे धर्मगुरू राहिले. एखादी चौकट त्यांना चपखल बसवण्याचा हट्ट सोडलेला बरा.

९. चर्च तरी त्यांच्या पाठीशी होते का?

खालचे चर्च होते, वरचे बरेचसे नव्हते. देशातील बिशपांपैकी रिवेरा दामास हे जवळजवळ एकटेच सातत्याने त्यांच्या बाजूने उभे राहिले. इतर काही बिशपांनी त्यांच्याविरुद्ध रोमकडे तक्रारी केल्या. १९७९ च्या मे महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांच्याशी त्यांची भेट झाली, तेव्हा रोमेरो पुराव्याचे कागद घेऊन गेले होते, आणि त्या भेटीतून ते उदास होऊन बाहेर पडले. संतपदाची प्रक्रियाही दीर्घकाळ रेंगाळली.

१०. शेवटच्या रविवारच्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना बंड करायला सांगितले. तो गुन्हा नव्हे का?

ते प्रवचन २३ मार्च १९८० चे. त्याआधी, १७ फेब्रुवारीला, त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना पत्र लिहून लष्करी मदत पाठवू नये अशी विनंती केली होती. २३ तारखेला ते सेनापतींना उद्देशून बोलले नाहीत, तर साध्या सैनिकांशी, नॅशनल गार्डच्या आणि पोलिसांच्या जवानांशी बोलले. तुम्ही आमच्याच लोकांतले आहात, आपल्याच शेतकरी भावांना मारत आहात. देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम पाळायला कोणीही सैनिक बांधलेला नाही. आणि अखेरीस : “देवाच्या नावाने मी तुम्हाला विनवतो, याचना करतो, आज्ञा करतो : दडपशाही थांबवा!”

लष्कराने यास चिथावणी म्हटले. परंतु निःशस्त्र नागरिकाला मारण्याचा हुकूम बेकायदा असतो आणि ‘वरून हुकूम होता’ हा बचाव पुरत नाही, हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांपासून आंतरराष्ट्रीय कायद्यात मान्य आहे. शस्त्र उगारा असे ते म्हणाले नव्हते. गोळी झाडू नका असे म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ते राहत असत त्या कर्करोग रुग्णालयाच्या लहानशा प्रार्थनालयात, एका पत्रकाराच्या आईच्या स्मरणार्थ मिस्सा होती. तिची सूचना वृत्तपत्रांत आली होती. प्रवचन संपवून ते अर्पणविधीकडे वळत असताना, बाहेर थांबलेल्या मोटारीतून उघड्या दारामधून एकच गोळी झाडली गेली. ३० मार्चला, झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी), त्यांच्या अंत्यविधीलाही बाँब आणि गोळीबार झाला आणि चेंगराचेंगरीसह अनेकांचा जीव गेला.

११. मारेकऱ्यांना शिक्षा झाली का?

फौजदारी शिक्षा कोणालाही झाली नाही. हत्येनंतर देश यादवी युद्धात ओढला गेला. १६ जानेवारी १९९२ च्या शांतता करारापर्यंत सुमारे ७५ हजार माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १५ मार्च १९९३ रोजी अहवाल देऊन, हत्येचा हुकूम माजी मेजर रोबेर्तो दोब्विसाँ यांनी दिला असा निष्कर्ष काढला. ते आदल्या वर्षीच वारले होते. अहवालानंतर पाचच दिवसांनी संसदेने सर्वसाधारण माफीचा कायदा केला. २००४ साली अमेरिकेतील एका न्यायालयाने कटातील सहभागाबद्दल माजी कॅप्टन आल्वारो साराविया यांना दिवाणी दाव्यात जबाबदार धरले. २०१६ साली एल साल्वाडोरच्या सर्वोच्च न्यायालयाने माफीचा कायदा घटनाबाह्य ठरवला आणि पुढच्या वर्षी खटला पुन्हा उघडला.

१२. सीमाभागातील मराठी माणसांवरील अन्यायाशी याची तुलना करता येईल का?

हा प्रश्न येणारच, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळले. १७ जानेवारी १९५६ आणि जून १९८६ मध्ये आपल्याकडे गोळीबारात माणसे गेली. हिंडलग्याच्या स्मारकावर आपण फुले वाहतो. ते दुःख खरे आहे. तरीही एल साल्वाडोरमध्ये जे झाले ते प्रमाणाने आणि प्रकारानेही वेगळे होते. तेथे न्यायालय नावापुरते होते, तर सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे; तेथे सभा घेणारा रात्रीतून नाहीसा केला जाई, तर येथे आपण सभेत भांडून घरी परततो आणि सकाळी ते भांडण वर्तमानपत्रात वाचतो. दोन्हींना एका मापाने मोजले तर त्या मृतांवर अन्याय होतो, आणि आपली बाजूही हलकी होते.

घेण्यासारखे काही असेल तर ती कामाची पद्धत (प्रश्न ६) : तक्रार लेखी, तारखेसह, पडताळून. शिवाय रोमेरो यांनी शत्रुपक्षाच्या मृतालाही मृतच मानले (प्रश्न ८). व्याख्यानाला येणारे कन्नडभाषक शेजारी हे दुसरे उदाहरण आवर्जून आठवतात.

१३. त्यांना ‘हुतात्मा’ म्हणावे की ‘रक्तसाक्षी’?

ख्रिस्ती मराठीत श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यास ‘रक्तसाक्षी’ म्हणतात. बेळगावात ‘हुतात्मा’ म्हटले की डोळ्यांपुढे हुतात्मा चौक आणि सीमालढा येतो, म्हणून गोंधळ टाळण्यासाठी आम्ही पहिला शब्द वापरतो.

खरी गुंतागुंत वेगळीच आहे. रक्तसाक्षी ठरण्यासाठी मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष असावा लागतो, आणि येथे मारणारे स्वतः कॅथलिक म्हणवणारे होते. मग ही हत्या राजकीयच नव्हे काय, असा आक्षेप वर्षानुवर्षे घेतला गेला. सुवार्तेतून येणाऱ्या न्यायाचा आणि दयेचा द्वेष हाही श्रद्धेचाच द्वेष होय, असे उत्तर अभ्यासकांनी दिले, आणि पोप फ्रान्सिस यांनी ३ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांचे रक्तसाक्षित्व मान्य केले. फादर ग्रान्दे आणि त्यांचे दोन्ही सोबती २२ जानेवारी २०२२ रोजी धन्यवादित घोषित झाले. त्यांत तो सोळा वर्षांचा मुलगाही आहे.

१४. आपल्याकडचे फादर स्टॅन स्वामी हे तसेच उदाहरण आहे का?

काही अंगांनी. येशूसंघीय फादर स्वामी १९७५ पासून काही वर्षे बंगळूरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक होते. पुढे झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीच्या आणि विनाखटला तुरुंगात असलेल्या तरुणांच्या प्रश्नांवर त्यांनी काम केले. भीमा कोरेगाव प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले होते. खटला सुरू होण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीत असतानाच मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. एकाची हत्या झाली, दुसऱ्याचा जामिनाची वाट पाहताना मृत्यू झाला. कागद जमवून दुबळ्यांची बाजू मांडणे हे दोघांतले साम्य. त्यापलीकडे दोन्ही प्रकरणे स्वतंत्रपणेच वाचावीत.

१५. २४ मार्च आमच्या गावात कसा पाळावा? यंदा तो पवित्र आठवड्यात आला तर?

२४ मार्च जवळजवळ नेहमी प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) किंवा पवित्र आठवड्यात येतो. २०२४ साली तर तो झावळ्यांच्या रविवारीच आला होता. अशा वर्षी उपासनेत त्या दिवसाचाच विधी होतो, संतांचे स्मरण बाजूला राहते. प्रार्थनेत उल्लेख करावा किंवा कार्यक्रम आधीच्या आठवड्यात घ्यावा, आणि काय करायचे ते आपल्या फादरांना विचारून ठरवावे.

वाचनालये, शाळा आणि मंडळे यांना ही अडचण नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली याच तारखेला, रोमेरो यांच्या स्मरणार्थ, मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनांबाबत सत्य जाणण्याच्या हक्काचा आणि पीडितांच्या प्रतिष्ठेचा आंतरराष्ट्रीय दिन जाहीर केला आहे, आणि तो कोणत्याही धर्माचा माणूस पाळू शकतो. आमच्याकडे हार-तुरे नसतात. प्रश्न ४ मधील तिघांपासून सुरुवात करून नावे, वये आणि गावे मोठ्याने वाचली जातात. स्पॅनिश नावांचे उच्चार आदल्या दिवशी दोनदा म्हणून पाहावेत आणि वाचणाऱ्याच्या हाती मोठ्या अक्षरांतला कागद द्यावा, कारण आमच्या सभागृहातील ट्यूबलाइट नेमकी त्याच वेळी मिचकावू लागते.